अकरा घड्यांचा रस्ता

शिडीला जादू शिकायची नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या शनिवारी जे झालं त्याचं खापर पुढे तिच्या हौसेवर फुटलं, आणि हौस तर तिला नावालासुद्धा नव्हती. तिला पळायचं होतं. नववीत ती सगळ्यांत उंच, म्हणून शिडी. शाळेच्या रिले संघात शेवटचे शंभर मीटर तिचे, म्हणून ती स्वतःला आहे त्याहून चार बोटं जास्तच उंच समजायची. पण घराण्यात जादू होती, ती जाणार कुठे? बाबांच्या वाट्याला ती आलीच नाही. त्यांनी हातरुमालाची घडी घातली तरी त्याचा बोळा व्हायचा. मग बाबांना वळसा घालून ती आत्याकडून सरळ भाचीच्या अंगावर येऊन पडली.

घडी म्हणायचं कारण असं की या घराण्याची जादू म्हणजे घडी घालणं. टोपीतून ससे काढणाऱ्यांकडे आत्या कपड्यावरच्या शाईच्या डागाकडे बघावं तशी बघायची. तिची लाँड्री होती. पुढच्या बाजूला काउंटर, वजनकाटा, पावत्या अडकवायची तार. मागच्या खोलीत इस्त्रीचं लांबलचक टेबल, वाफ, आणि छतापर्यंत फळ्या. या मागच्या खोलीत आत्या वाटेल त्याची घडी घालायची. कंटाळवाण्या दुपारची घालायची, म्हणजे ती निम्म्यात संपायची. समोरच्या शिंप्याचं आणि त्याच्या बायकोचं भांडण तिने एकदा चौपदरी करून वरच्या फळीवर ठेवलं होतं. अजून ते न्यायला कोणी आलेलं नाही.

शिडीचा दिवस असा असे. सकाळी सहा ते सात आत्याकडे, साडेसातला शाळा, दुपारी सराव, संध्याकाळी पुन्हा आत्याकडे, आणि रात्री गृहपाठ, ज्याच्या वहीला स्टार्चचा वास यायचा. दोन्हीकडचं दोन्हीकडे सांडायचं. बीजगणिताच्या तासाला तिने नकळत तासाच्याच दोन्ही कडा चिमटीत धरल्या, तर चाळीस मिनिटांचा तास वीस मिनिटांत उरकला आणि मधलं सगळं समीकरण कुणालाच आठवेना. भूगोलाच्या बाईंनी तिला नकाशा गुंडाळायला सांगितला तर तिने सवयीने त्याची घडी घातली, आणि पुढचे दोन दिवस बाई एक आख्खा महासागर शोधत होत्या. इकडे आत्याकडे उभ्या-उभ्या तिला डुलकी लागायची. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं बाबा म्हणायचे, आणि तेही चुरगळलेल्या शर्टात.

त्यात भर म्हणजे शिट्टी सर. हे खेळाचे शिक्षक. गळ्यात शिट्टी, हातात नोंदवही, आणि वहीत लाल पेन. तीन उशीर झाले की संघातून नाव कट. मग तुम्ही शिडी असा नाही तर मुख्याध्यापिकाबाईंची सख्खी नात असा. शिडीचे दोन उशीर झाले होते आणि दोन्ही आत्याच्या कृपेने. शनिवारी सकाळी आठ वाजता शहराच्या शाळांची अंतिम शर्यत होती, शिडीच्याच शाळेच्या मैदानावर. साडेसातला हजेरी. राखीव खेळाडू म्हणून दोन वर्षं बाकावर बसलेली एक छोटीशी मुलगी होती, तिला सगळे चिमणी म्हणत. ती बिचारी शिडीला रोज विचारायची, "आज वेळेवर आलीस?" आणि शिडी हो म्हणाली की तिचा चेहरा आनंदाने आणि निराशेने एकदमच भरून यायचा.

शिडीने एक वाक्य तयार केलं होतं. तीन आठवडे ती ते आरशासमोर घोटत होती. "आत्या, सोमवारपासून मला जमणार नाही." बस, एवढंच. शनिवारी शर्यत जिंकायची, गळ्यात पदक घालून लाँड्रीत जायचं, आणि पदकाच्या जोरावर हे वाक्य म्हणून टाकायचं. पदकाशिवाय ते म्हणायची तिची छाती नव्हती, कारण आत्या चिडायची नाही. आत्या नुसतं "बरं" म्हणायची, आणि ते ऐकवत नसे.

शिवाय अलीकडे आत्याचं काहीतरी बिनसलं होतं. पूर्वी हॉटेलच्या चादरी दोघी मिळून करायच्या: दोन कोपरे हिचे, दोन तिचे, समोरासमोर चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा. आता आत्या तिचे कोपरे दोन मनगटांमध्ये दाबून धरायची आणि सगळं ओढायचं, ताणायचं, जुळवायचं काम शिडीवर टाकायची. शिडीला वाटायचं, ही शिकवण्याची नवी तऱ्हा. मनात ती म्हणायची, म्हातारी आळशी झाली.

शनिवार उजाडला. चाळीस चादरी होत्या.

"घडी घालायच्या आधी काय करायचं?" आत्याने विचारलं.

"आत कोण आहे ते बघायचं," शिडी घड्याळाकडे बघत म्हणाली.

"मोठी घडी कशी घालायची?"

"दोघींनी. एकटीने कधीच नाही. घालताना मोजायच्या, जितक्या घातल्या तितक्याच उघडायच्या. कोपरा जिने अडकवला तिनेच सोडवायचा. आणि कोपरा निसटला तर झटका बसतो. आत्या, पाठ आहे गं मला!"

पाठ होतं, पण पाठ असणं आणि ध्यानात असणं यात फरक असतो. सातला पाच कमी असताना आत्या हॉटेलच्या माणसाला पावत्या द्यायला पुढे गेली आणि शिडीने एकटीने भराभर लहान घड्या घालत चळत उभी केली. मग तिच्या लक्षात आलं की टेबलावर बोका नाही. बोका म्हणजे लाँड्रीचा बोका, उबदार चादर दिसली की तो तिथे झोपलाच. शिडीच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्यांत वरच्या चादरीपासून एकेक घडी उघडत ती खाली आली. अभ्र्यात नाही, पलंगपोसात नाही. शेवटी खालून तिसऱ्या चादरीत बोका सापडला, आठपदरी, पापडासारखा चपटा आणि भयंकर अपमानित. तिने त्याला झटकलं. फट् असा आवाज होऊन तो पुन्हा गोल झाला, पण पाठीवर फुलीसारखी सुरकुती राहिली. ती दाखवत तो तिच्याकडे पाठ करून बसला.

घड्याळात सात सव्वीस झाले होते. आत्या अजून पुढे काउंटरवरच होती. शाळा दोन किलोमीटरवर, लाँड्रीच्या मागच्या दारातून निघालेला रस्ता नाकासमोर जाऊन शाळेच्या फाटकापाशी संपायचा. चार मिनिटांत दोन किलोमीटर कोणी पळत नाही. शिडीने दार उघडलं, त्या लांबलचक रस्त्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यात ती कल्पना आली. वाईट कल्पनांचं एक असतं, त्या नेहमी वेळेवर येतात.

ती उंबऱ्यावर वाकली आणि तिने रस्त्याचा काठ चिमटीत धरला. जमलं की बोटांना कापड लागतं. लागलं. रस्त्याचा एक कोपरा तिने दाराच्या कडीला अडकवला, दुसरा ॲप्रन टांगायच्या खिळ्याला, आणि समोरून रस्ता ओढून पहिली घडी घातली. दोनाचा एक किलोमीटर झाला. झाडं एकमेकांच्या पाठीवर जाऊन बसली. दुसरी घडी, तिसरी, चौथी. किती सोपं होतं! हात नुसते धावत होते, तिला हसू यायला लागलं. सातवीनंतर शाळेची घंटा ऐकू आली आणि ती मोजायचं विसरली. मग एकदम शाळेचं फाटक समोर येऊन उभं राहिलं, एका ढांगेवर, निळा रंग उडालेलं, ओळखीच्या गंजासकट.

शिडीने ढांग टाकली.

शिट्टी सरांनी घड्याळ पाहिलं. सात एकोणतीस. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ती धापा टाकत नव्हती, घामाचा थेंब नव्हता. ते तिला विशेष आवडलं नाही, पण हजेरीसमोर त्यांनी निळी खूण केली. शिडीला वाटलं, आता उडावं. चिमणी येऊन म्हणाली, "आज वेळेवर आलीस?" आणि शिडीने तिला उचलून गरागरा फिरवलं. पायांत नुसता वारा भरला होता. आज आपल्याला कोण हरवतो!

तीन मिनिटांनी बेकरीवाला डोक्यावर गरम पावांचा ट्रे घेऊन मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतून बाहेर आला.

"मी दुकानाचं दार उघडलं," तो ज्याला त्याला सांगत होता, "माझ्याच दुकानाचं!" पाठोपाठ सलूनमधून अर्ध्या गालावर फेस असलेले एक गृहस्थ आले आणि सवयीने सातवीच्या रांगेत उभे राहिले. दाताच्या दवाखान्यातून एक बाई आल्या, त्यांचं तोंड उघडंच होतं, त्यामुळे त्यांना काय म्हणायचंय ते कुणालाच कळेना. मुख्याध्यापिकाबाई सामानाच्या खोलीत खडू आणायला गेल्या होत्या, त्या सायकलच्या दुकानातून हातात पंप घेऊन परतल्या आणि कुणाला काही न सांगता पाणी प्यायल्या. मोठ्या माणसांना एखादी गोष्ट समजली नाही की ती कुणाला तरी दोष देऊन मोकळी होतात. "नगरपालिका!" असं फेसवाले गृहस्थ जोरात म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

शिडीला हसावं की पळावं कळेना. तेवढ्यात फाटकासमोरून बस गेली.

प्रतिस्पर्धी शाळेच्या संघाची बस होती ती, पिवळी. आतल्या मुलींनी हात हलवले. पण बस थांबली नाही, पुढे गेली, आणि वीस सेकंदांनी उलटीकडून पुन्हा आली. मग पुन्हा. घडी घातली तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध होती आणि आता एका पदरातून दुसऱ्या पदरात धावत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण या बसचा कळसा दर वेळी खिडकीसमोरून जात होता. ड्रायव्हर ब्रेकवर उभाच राहिला होता. तिसऱ्या फेरीला मुलींनी हात हलवणं सोडलं. पाचव्या फेरीला त्यांच्यातली सगळ्यांत उंच मुलगी, शिडीसारखीच शेवटच्या टप्प्याची असणार, खिडकीला गाल टेकून बसली होती आणि तिचा चेहरा काकडीच्या रंगाचा झाला होता.

"आठपर्यंत आल्या नाहीत तर कप आपला," संघातली एक जण कुजबुजली. "न पळता!"

बाकीच्या खिदळल्या. शिडी खिदळली नाही. काहीच करायचं नव्हतं, फक्त उभं राहायचं होतं, आणि आठ वाजता पदक गळ्यात. पण तो काकडीच्या रंगाचा चेहरा सहाव्यांदा समोरून गेला. शिवाय लाँड्रीच्या दाराची कडी ढिली होती, हे तिला आठवलं. आत्याने दार जोरात ओढलं की कोपरा निसटणार, आख्खा रस्ता झटका खाऊन उघडणार, आणि बसमधल्या मुली, सलूनवाला, रस्त्यावर असेल-नसेल तो, सगळे हवेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ती फाटकाशी धावली आणि एका ढांगेपलीकडच्या दाराकडे तोंड करून ओरडली, "आत्याऽ! दाराला हात लावू नकोस!"

आत्या दारात आली. तिने कडी पाहिली, खिळा पाहिला, घड्यांचा तो डोंगर पाहिला, आणि त्यातून डोकावून गेलेली बस पाहिली. "एकटीने?" एवढंच ती म्हणाली.

"चुकले मी आत्या, नंतर बोल हवं ते, आधी उघडू या."

आत्या ओरडली नाही. पदर खोचून ती सरळ ढांग टाकून शाळेच्या बाजूला आली. "कोपरे तू अडकवलेस, तूच सोडव. तू दुकानाकडे जा, मी इकडून धरते," असं म्हणत ती फाटकापाशी वाकली आणि तिने रस्त्याचा काठ धरला. तो निसटला. तिने पुन्हा धरला. पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळी शिडीने पाहिलं की आत्याची बोटं मिटतच नाहीत. सांधे सुजलेले, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात एक पेन जाईल एवढी फट, आणि ती फट कितीही जोर केला तरी बंद होत नव्हती.

मनगटात कोपरे का दाबायची, ते शिडीला आता कळलं. तिला स्वतःची एवढी लाज वाटली की कान गरम झाले. "आत्या, कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले. आता ते सोड. धरायला माणूस बघ कोणीतरी."

"काय चाललंय इथे?" शिट्टी सर मागे येऊन उभे होते.

खोटं बोलायला वेळ लागतो आणि शिडीकडे वेळ नव्हता. तिने एका दमात सगळं सांगितलं: चादरी, बोका, कडी, खिळा, घड्या, बस. सर ऐकत होते. बस दहाव्यांदा गेली तेव्हा त्यांनी मान वळवत तिच्याकडे शेवटपर्यंत पाहिलं.

"म्हणजे," सर म्हणाले, "चादर धरायची आहे. असंच ना?"

"हो. पण मोठी आहे."

"मी आईबरोबर दर रविवारी धरतो. आईला एक सुरकुती चालत नाही." त्यांनी शिट्टी खिशात टाकली आणि बाह्या वर केल्या. मग थबकले. त्यांचा चेहरा पडला. "पण तू पलीकडे गेलीस तर हजेरीनंतर मैदान सोडलं असं होईल. तुला माहीत आहे मी काय लिहितो ते."

"माहीत आहे," शिडी म्हणाली. "तिसरा."

"तिसरा," सर म्हणाले. ते त्यांना अजिबात आवडलेलं नव्हतं.

शिडीने एकदा मैदानाकडे पाहिलं. चुन्याच्या पांढऱ्या रेघा रात्रीच मारल्या होत्या, अजून कुणी त्यांच्यावर पाय दिला नव्हता. तिची रांग तिसरी होती. मग ती ढांग टाकून लाँड्रीत गेली.

"अंगठा वर ठेवा, मास्तर," आत्या सरांना सांगत होती. "काठ बोटांच्या आत. असं. वा! तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा." सरांच्या बोटांना कापड लागलं तेव्हा त्यांचे डोळे मोठे झाले, पण पकड सुटली नाही. लोकांची जन्मभर कॉलर धरलेली माणसं अशी कामाला येतात.

"घड्या किती?" आत्याने विचारलं.

शिडीला घाम फुटला. "सात मोजल्या. पुढच्या नाही."

"म्हणजे कळणार कसं कुठे थांबायचं? एक जास्त उघडलीस तर रस्ता फाटेल!"

शिडीने डोळे मिटले. आणि कधी नव्हे ते गणिताच्या बाई तिच्या मदतीला धावून आल्या, म्हणजे त्यांचा घातांकांचा तो तास, जो तिने नशिबाने अर्धा करून टाकला नव्हता. दर घडीला निम्मं. दोन किलोमीटरचं एक मीटर उरलं. दोनाचा कितवा घात दोन हजारांच्या आसपास? दोन, चार, आठ, सोळा... ती बोटांवर मोजत गेली आणि दहा बोटं संपली तेव्हा एक हजार चोवीस झाले होते. "अकरा!" ती किंचाळली. "अकरा घड्या आहेत!"

तिने कडीवरचा कोपरा सोडवला, खिळ्यावरचा सोडवला, दोन्ही घट्ट धरले. "एक," ती म्हणाली, आणि सर दोन ढांगांवर गेले. "दोन." चार. "तीन." आठ, आणि आता सरांना ओरडून सांगावं लागत होतं. प्रत्येक घडीला सर आणि आत्या आणि ते निळं फाटक निम्म्याने लहान होत होतं. पाचव्या घडीतून सायकलचं दुकान निघालं. सातवीतून बेकरी बाहेर पडली आणि ताज्या पावाचा वास आला. नववीला बस मोकळी झाली आणि कचकन ब्रेक लागल्याचा आवाज दुरून आला. दहावीला आत्या ठिपक्याएवढी झाली होती, तरी ती दोन्ही हात वर करून, "हळूऽ, काठ जुळव!" असं ओरडत असणार हे शिडीला तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. अकरा. रस्ता पसरला, एकदा लाटेसारखा हलला, आणि जमिनीवर बसला.

शिडी दोन किलोमीटर अलीकडे, लाँड्रीच्या दारात, रिकाम्या हातांनी उभी होती. बोका तिच्याकडे बघत होता. घड्याळात सात त्रेपन्न झाले होते.

आता घाई कसली होती? नाव तर कटलं होतं. पण ती पळाली. का ते तिलाही सांगता आलं नसतं, पायांनी तिला विचारलंच नाही. सायकलवाला गेला, दाताचा दवाखाना गेला, सलूनच्या दारात फेसवाल्या गृहस्थांचा दुसरा गाल चालू होता. छाती फुटायची वेळ आली आणि मग ती फुटायची राहिली, पाय आपोआप पडायला लागले, आणि शिडीला कळलं की हे शंभर मीटरपेक्षा वेगळं आहे. इथे पुढे रस्ता आहे आणि तो संपत नाही, आणि ते तिला फार आवडलं. ती एकटीच हसत पळत होती. लोकांनी नगरपालिकेला पुन्हा नावं ठेवली.

फाटकातून ती आत शिरली तेव्हा शर्यत सुरू व्हायची होती. पिवळ्या बसमधल्या मुली गवतावर आडव्या पडून आकाश स्थिर होण्याची वाट बघत होत्या. सर नोंदवही घेऊन उभे होते. तिच्या नावापुढे तिसरी लाल खूण होती आणि ती काढताना पेन हललेलं दिसत होतं. तिचा क्रमांक चिमणीच्या पाठीवर लागला होता. चिमणीने तो काढायला घेतला, "तू आलीस ना, आता तूच..."

"राहू दे," शिडी म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. खरं, नाकातून पाणी येणारं रडू. रडत रडत तिने चिमणीच्या पाठीवरची निघालेली टाचणी पुन्हा लावली. "कोपऱ्यावर आत झुकायचं. आणि मागे बघायचं नाही. कळलं?"

चिमणी मागे न बघता पळाली. काकडीसारख्या चेहऱ्याची ती उंच मुलगी आता टोमॅटोसारखी लाल झाली होती आणि तिने चिमणीला अर्ध्या हाताने मागे टाकलं. दुसरा नंबर. कुंपणाला लटकून शिडी इतकी ओरडली की तिचा आवाज बसला, आणि तिच्या शेजारी आत्या, जिला रिलेचा 'रि' माहीत नव्हता, तिच्याहून जास्त ओरडत होती.

शर्यतीनंतर सर आले. ते तिच्याकडे न बघता घड्याळाकडे बघून बोलले. "कोपरे सुटल्यापासून फाटकापर्यंत. आठ मिनिटं बारा सेकंद. दोन किलोमीटर."

"तुम्ही वेळ लावली होती?"

"मी नेहमीच लावतो. रिलेमधून तुझं नाव कट. लांब पल्ल्याचा संघ सोमवारपासून करतोय. सकाळी सहाला. एक मिनिट उशीर चालणार नाही." मग आवाज खाली आणून ते आत्याला म्हणाले, "आईला रविवारी काय सांगू तेच कळत नाहीये."

आत्या आणि शिडी रस्त्याने परत निघाल्या. उघडलेल्या, पूर्ण लांबीच्या रस्त्याने. चालता चालता आत्या म्हणाली, "तुला पळताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. तिकडून येत होतीस ना, ठिपक्याची मोठी होत होत." तिने नाक पुसलं. "सोमवारपासून येऊ नकोस तू. पळ. हॉटेलच्या चादरींना मी नाही म्हणून सांगते. बरं?"

ते "बरं" आलंच. शिडीच्या तोंडात तीन आठवडे घोटलेलं वाक्य तयार होतं, आणि आता ते म्हणायला पदकसुद्धा लागणार नव्हतं.

"आत्या, सोमवारपासून मला जमणार नाही," ती म्हणाली.

"बरं."

"सकाळचं जमणार नाही. संध्याकाळी येईन. रोज."

"चादरी सकाळी द्याव्या लागतात."

"मग आदल्या संध्याकाळी घालून ठेवू. घडी काय शिळी होते?"

बेकरीसमोर दोघींचाही पाय एकदमच अडखळला. एक पाऊल टाकलं होतं आणि दोन पावलं पुढे आल्या होत्या. मागून येणारे एक आजोबाही तिथेच उडाले आणि खूश होऊन तेवढंच पाऊल पुन्हा टाकायला मागे गेले.

"सुरकुती राहिली," आत्या खाली वाकून म्हणाली. "सातवीनंतर मोजलं नाहीस ना, तिथे काठ सरकलाय. इस्त्री करावी लागेल."

"एवढ्या रस्त्याला? केवढी इस्त्री लागेल!"

"इस्त्री नेहमीचीच. पण एकीने ताणून धरायचं आणि एकीने फिरवायची. फिरवायला मिटणारी बोटं लागत नाहीत, तळवा नुसता वर ठेवला तरी चालतो." तिने शिडीकडे तिरकं पाहिलं. "ताणून मात्र नीट धरावं लागतं."

"धरीन," शिडी म्हणाली. तिने आत्याचा हात हातात घेतला. ती न मिटणारी बोटं होती तशीच राहिली, म्हणून शिडीने आपली बोटं त्यांच्याभोवती मिटली. मग दोघी मागे गेल्या आणि त्या सुरकुतीवरून पुन्हा एकदा चालल्या, कारण सोमवारी इस्त्री फिरली की ती जाणार होती.